झोळीतला उजवा हात

माझं माहेर खुलताबादच्या पल्याड, डोंगराच्या बगलंला, वीस-पंचवीस घरांचं गाव, बांधावर सीताफळं अन् वावरात मका नायतर बाजरी, आम्ही दोनच लेकरं, मी थोरली अन् माझा भाऊ धाकटा. शाळा चौथीपर्यंत. त्याच्या पुढची शाळा चुलीपुढं, आईनं एक दिवस परात माझ्या पुढ्यात सारली अन् म्हणली, उजव्यानं थाप, डाव्यानं फिरव, झालं तुझं शिक्षण. सात-आठ वर्षांची आसंन मी तवा. तवापासनं हा उजवा हात थांबला नाय बगा, लग्नात मेंदी वाळायपुरता थांबला आसंल तेवढाच.

सांगायला तसं माझ्यात काय हाय दादा, तुम्ही मेसमधी चार वर्षं माझ्या हातच्या भाकरी खाल्ल्या, आता मोठे साहेब झाले, तरी मावशी आजारी हाय ऐकून आले, अन् आल्या आल्या माझ्या पाया पडायला वाकले. अन् मी पाय मागं घेतले, नगं नगं म्हणले, व्हय ना. तुमचा चेहरा पडला ते दिसलं मला. तुम्हाला वाटलं आसंल मावशीला काय झालं, चार भाकरी खाऊ घातल्या त्याचा गर्व झाला का काय. गर्व नाय दादा, भीती. कशाची भीती ते सांगते, पण त्याच्यासाठी मला माझ्या लग्नापासनं सांगावं लागंल, तुम्हाला घाई तर नाय ना, बसा मग, चहा आमचे मालक करतेत, बरा करतेत आता, पहिल्यांदा केला तवा पातेलं जाळलं व्हतं.

लग्न झालं करमाडकडच्या गावात. सासरी सासू नव्हती, सासऱ्याची बहीण व्हती, राधामाय, आमच्या मालकाची आत्या म्हणजे माझी आत्यासासू. तिला लकवा झालेला, उजवी बाजू सगळी गेलेली, हात असा मांडीवर पडलेला, कुणीतरी आणून ठेवल्यावानी. दिवसभर दाराशी बसायची. मी नवी नवरी, मला कोण सांगणार, मी सगळ्यांच्या पाया पडत पडत तिच्यापशी गेले अन् वाकले, तर तिनं पदराखालून डावा हात काढला अन् माझ्या डोक्यावर ठेवला. लई वेळ ठेवला. मागून बाया कुजबुजल्या, आगं माय, डाव्या हातानं आशीर्वाद दिला की. मला तवा काय कळलं नाय, पण पहिलं बाळंतपण झालं, पोरगी झाली, अकरा दिवस राहिली अन् गेली, तवा त्याच बायांनी मला समजावून सांगितलं, बाई, तुला सुरुवातच डाव्या हाताची झाली.

मी खरं मानलं दादा. आता कायबी म्हणा, एकोणीस वर्षांची व्हते, दूध उतरलेलं अन् प्यायला लेकरू नाय, त्या वयात माणूस कायबी खरं मानतं, कुणावर तरी राग काढायला पायजे ना. तिच्या हातचं पाणी पिणं सोडलं मी. पुढं माझ्या धाकट्या जावंचं लग्न झालं, ती पाया पडत पडत दाराकडं निघाली, तर मीच तिच्या दंडाला धरून तिला वळवलं, तिकडं नगं, इकडं चल म्हणले. राधामायनं हात बाहेर काढला व्हता तवर. तो तसाच राहिला बगा, कोणी डोकं खाली आणलंच नाय, मग तिनं तो हळूच पदराखाली घेतला. ते तिचे बोटं मला आजून दिसतेत. तवा नाय दिसले, आता दिसतेत.

मग लई वर्षांनी एक पोरगा झाला, तो पुण्याला कंपनीत हाय आता, दर रविवारी फोन करतो. पोरगा शाळंला लागला तवा आम्ही शहरात आलो, मुकुंदवाडीला खोली केली, मालक शेंद्र्याला एका कंपनीत वॉचमन लागले, त्यांची ड्युटी रातची, अन् मी उस्मानपुऱ्यात मेसवर लागले. एकोणीस वर्षं झाली मेसला. तुम्हाला तर मालूमच हाय, सकाळी दोनशे, संध्याकाळी दोनशे, ज्वारीची वेगळी अन् थंडीत बाजरीची वेगळी, हाताखाली दोन बाया व्हत्या पण थापायचं मी कुणाला दिलं नाय. पोरं म्हणायचे मावशीच्या भाकरीला आवाज हाय, आतून बसल्याबसल्या कळायचं थापतंय कोण ते. तुम्हीच म्हणायचे ना ते? का तो जालन्याचा उंच पोरगा? कुणी का आसंना, मला लई गोड वाटायचं ते.

खांदा दोन वर्षं दुखतच व्हता. मी म्हणलं वय झालं, तेल लावू, शेक देऊ. मग यंदाच्या उन्हाळ्यात, आपल्याकडं पाणी येतंय सहा-सात दिवसांनी, तुम्हाला काय सांगू, पाणी आलं की मेसमधी पळापळ, मोठा निळा ड्रम नळाखाली सारायचा व्हता, अर्धा भरलेला, मी उजव्या हातानं वढला अन् आतमधी काहीतरी फाटलं. फडकं फाटतं तसं. हात खाली आला तो वर जाईचना. आठ दिवस डाव्या हातानं तो उचलून परातीवर ठेवायचे अन् थापायचे, खोटं नाय सांगत. मग एक दिवस भाकर तव्यावर टाकता येईना, तवा मेसवाल्या बाईनंच मला रिक्षात घातलं.

डॉक्टरनं फोटो काढले, मशीनमधी घातलं, अन् म्हणले मावशी, खांद्याच्या आतला जो पट्टा हाड धरून ठेवतो तो फाटलाय, दुर्बिणीतून टाचावा लागंल. मी म्हणले टाचा बापा. मला वाटलं टाचलं की झालं, झंपर टाचतो तसं, दुसऱ्या दिवशी घालायचं.

आता भीती कुठं सुरू झाली ते सांगते. ऑपरेशनच्या आधी मानंत सुई देतेत, हात बधिर करायला. त्याचा परिणाम लई वेळ राहतो, ते मला कुणी सांगितलं आसंल तरी मी ऐकलं नव्हतं. शुद्धीवर आले, डोळे उघडले, अन् माझ्या पोटावर कुणाचातरी हात ठेवलेला. गार. जड. मी डाव्या हातानं तो बाजूला सारायला गेले तर तो सरना, त्याच्या मनगटावर माझ्या काचंच्या बांगडीचा वळ दिसला, तवा कळलं हा माझाच हाय. चिमटा काढला, काय नाय. बोटं हलव म्हणले मनात, नाय हलले. दादा, मी वरडले. नर्स पळत आली, म्हणली मावशी औषध हाय ते, उद्यापर्यंत उतरंल. पण मला काय पटलं नाय, मला वाटलं राधामायचा हात आला माझ्या अंगावर. तिनं तो माझ्यासाठीच ठेवला व्हता. हे मी कुणाला बोलले नाय, मालकाला बी नाय, तुम्हालाच पहिल्यांदा सांगू राहिले.

मग औषध उतरलं. उतरलं ते असं उतरलं की मी म्हणले ह्याच्यापेक्षा मेलेला बरा व्हता.

घरी आणलं. छातीशी पट्टा, पट्ट्याला एक जाड उशी, उशीवर हात, अन् डॉक्टरचं बजावणं असं की दीड महिना हा हात स्वतःच्या जोरावर उचलायचा नाय, झोळीतून काढायचा नाय, बोटं तेवढी हलवायची, अन् आडवं झोपायचं नाय, टेकून झोपायचं. मालकानं भिंतीला घरातल्या सगळ्या गोधड्यांची चळत लावली, खालून गव्हाचं पोतं लावलं, असं सिंहासन केलं म्हणाना. बसून झोपायचं. झोप कुठली? उजवीकडं कलावं तर जीव जातो, डावीकडं कलावं तर झोळी वढली जाती, अन् ते दुखणं सारखं नसतं बगा, दिवसा जरा गप राहतं, माणसं येतेत जातेत, बोलण्यात वेळ जातो, अन् दिवा मालवला की ते उठून बसतं. मालक ड्युटीवर. म्हणून मी दिवा मालवायचेच नाय. सूर्य बुडायला लागला की मी घरातले सगळे दिवे लावून ठेवायचे, आता पुन्हा रात आली म्हणून, लहान लेकरावानी.

तरी दुखण्याचं एवढं नव्हतं, दुखणं मी जिंदगीभर पाहिलंय. एक दिवस सकाळी मालक ड्युटीवरून आले, मला नुकताच डोळा लागला व्हता, तर त्यांनी मला हलवून उठवलं, चेहरा असा उतरलेला. म्हणले आगं, तू काय करू राहिली. म्हणलं काय. म्हणले तुझा हात. मी झोपले अन् माझा हात झोळीतल्या उशीवर थप थप थप थप, थापत व्हता, भाकर. बोटं ताठ, मनगट वर-खाली, अन् कोपर बी हलत व्हतं म्हणले. मला पत्ता नाय. आता सांगा, जागी आसंन तवर मी हात सांभाळीन, पण झोपले तर त्याला कोण सांभाळणार? पंचेचाळीस-पन्नास वर्षांची सवय ती, त्याला काय मालूम आत टाके घातलेत म्हणून.

त्या दिवसापासनं मी झोपेलाच भ्यायला लागले. डॉक्टरनं दोन पाकिटं दिले व्हते गोळ्यांचे, एक दुखायच्या, एक झोपेच्या. झोपेची गोळी मी तोंडाला लावली नाय. म्हणलं ह्याच्यानं गाढ झोप लागंल अन् हात मोकाट सुटंल. मालकाला सांगायचे घेतली, अन् पाकीट गोधडीखाली सारायचे. वरून मालकाचा जुना पंचा घेऊन हात उशीला बांधायचे, डाव्या हातानं अन् दातानं गाठ मारायची, तरी भरवसा नाय. मान पडली की दचकून उठायचे, हात पाहायचे, हाय का जागेवर. पुन्हा मान पडायची, पुन्हा दचकायचे. असे किती दिवस काढले आसतीन, दिवसाचं अन् रातीचं मला कळंना झालं, दारात मांजर बसली तरी मला वाटायचं राधामाय बसलीय.

मालकाचं एक सांगते, नायतर तुम्ही म्हणाल मावशी नुसती रडतीय. डाव्या हातानं वेणी येईना, म्हणलं तुम्ही घाला, तर ह्या माणसानं बैलाची वेसण वळावी तशी माझी वेणी वळली अन् शेवटाला दोरीची गाठ मारली, सोडायला शेजारीण आली, ती अन् मी लई हसलो, हसल्यानं खांदा दुखला म्हणून पुन्हा रडलो. चांगला हाय माणूस. ऐकू येतंय त्यांना, मुद्दाम बोलू राहिले.

आता खरी गोष्ट. माझ्या भावाच्या पोराचं लग्न, गणेशचं. तारीख आधीच धरलेली, अन् नेमकं माझं ऑपरेशन मधी आलं. मी एकुलती एक आत्या, अन् लग्नाला नाय. भाऊ म्हणला आक्का, तू येऊ नको, लग्न झालं की जोडा तुझ्याकडं पाठवतो पाया पडायला. म्हणून लग्नाच्या पाचव्या दिवशी गणेश, त्याची नवरी दीपाली अन् माझी भावजय असे तिघं आले. माझ्या ऑपरेशनला तवा सतरा-अठरा दिवस झाले आसतीन. दीपाली पडेगावची पोरगी, शिकलेली, मेडिकलच्या दुकानात कामाला, हिरवा चुडा, डोक्यावर पदर सारखा घसरायचा तिचा, सवय नव्हती बिचारीला.

हळद-कुंकू शेजारणीनं लावलं, ओटी बी तिनंच भरली, माझ्याकडनं व्हत नव्हतं. पण डोक्यावर हात कोण ठेवणार? आत्या मीच ना. जोडा वाकला. आधी गणेश, त्याला मी नुसतं सुखी राहा म्हणले, तो आपलाच, त्याचं चालतं. मग ती वाकली. पदर घसरला, भांगात नवं कुंकू, अन् मी डावा हात उचलला. उचलला अन् माझी नजर भावजयीकडं गेली. ती काय बोलली नाय, खोटं कामून सांगू, तिनं फक्त गणेशकडं पाहिलं. तेवढंच. अन् माझ्या डोळ्यापुढं तो दाराचा उंबरा, तो पदराखालचा हात, माझी अकरा दिवसांची पोरगी, सगळं एकदम उभं राहिलं. मी म्हणलं, ह्या पोरीच्या संसाराला माझा डावा हात नाय लागू देणार. अन् डावा खाली घेतला, पट्ट्याची गाठ सोडली, अन् उजवा हात झोळीतून काढून वर उचलला. स्वतःच्या जोरावर.

तिच्या केसाला बोटं लागले न लागले, अन् आत टक आवाज झाला. बोट मोडतो तसा. तो मला ऐकू आला तसा त्या खोलीत सगळ्यांना ऐकू गेला असं मला वाटलं, पण कुणालाच नाय गेला. डोळ्यापुढं अंधारी आली. हात घसरून खाली आला. मी दात दाबून हसले अन् म्हणले, अखंड सौभाग्यवती भव, जेवून जा आता. शेजारणीनं पुरी-भाजी केली व्हती. ते जेवले. मी बसले व्हते, पाठीला घाम अन् तोंडावर हसू. दीपाली एकदा माझ्याकडं पाहायची, एकदा ताटात.

ते गेले अन् मी विचार केला, आता काय करावं? डॉक्टरला सांगावं तर तो म्हणंल, पुन्हा फाटलं, पुन्हा कापू. मालकाला सांगावं तर ते ड्युटी सोडून बसतीन. अन् सांगायचं तरी काय, आशीर्वाद देताना हात तुटला म्हणून? लोक म्हणतीन मुहूर्तालाच टक झालं. म्हणजे एका बाजूनं हात गेला, अन् दुसऱ्या बाजूनं तो आशीर्वाद बी अर्धाच राहिला, नुसते बोटं टेकले व्हते, तळवा टेकलाच नव्हता. डावा दिला आसता तर अपशकुन, उजवा दिला तर मोडका. मला वाटायला लागलं आता त्या पोरीचं काय वाईट झालं तर ते माझ्याच माथी. फोन वाजला की आधी तिचंच विचारायचे. तिला ताप आला म्हणून भावजयनं सांगितलं, तर मी दिवसभर जेवले नाय, साधा सर्दीचा ताप व्हता तो.

कोणाला काय बोलले नाय. तपासणीची तारीख आली तर मालकाला म्हणले आज पाय दुखतेत, पुढल्या आठवड्यात जाऊ. पुढल्या आठवड्यात म्हणले रिक्षा हादरती. दुखणं वाढलेलं, दुखायच्या गोळ्या एकाच्या जागी दोन-दोन घ्यायचे, पोटात आग. झोप तर बंदच. डोळे मिटले की टक ऐकू यायचं.

मग एका दुपारी दीपाली आली. एकटीच. गणेशनं बसस्टँडपर्यंत सोडलं म्हणली, दुकानाला सुट्टी टाकलीय. पदर नाय अन् काय नाय, साधा ड्रेस, हातात केळं. मला वाटलं काहीतरी वाईट सांगायला आली. ती बसली, इकडचं तिकडचं बोलली, अन् मग माझ्या गोधड्या सारख्या करायला उठली. म्हणलं राहू दे गं, तू पाव्हणी. ती कशाची ऐकती, तिनं खालची गोधडी वढली अन् झोपेच्या गोळ्यांचं पाकीट बाहेर आलं. सगळ्या गोळ्या जागच्या जागी. मग तिनं फळीवरचं दुसरं पाकीट पाहिलं, ते रिकामं, त्याच्या मागचं बी रिकामं. मेडिकलमधली पोरगी ती, तिला काय सांगावं लागतंय. तिनं दोन्ही पाकिटं माझ्यापुढं धरली अन् म्हणली आत्या, दुखायच्या संपल्या अन् झोपेच्या तशाच, म्हणजे दुखतंय लई अन् झोपायचं नाय तुम्हाला. त्या दिवशी माझ्या डोक्यावर हात ठेवताना काय झालं, मला खरं सांगा, मी वाकलेली व्हते, तुमचा हात माझ्या केसातून घसरला, मला कळलं व्हतं.

मी रडले दादा. भावाच्या सुनंपुढं रडावं का, मोठ्या माणसानं, पण रडले. राधामायचं सांगितलं, पोरीचं सांगितलं, माझ्या जावंला दंडाला धरून वळवलं ते सांगितलं, टक सांगितलं.  सगळं झाल्यावर ती म्हणली, चपला कुठं हायेत तुमच्या. मी म्हणलं मालक झोपलेत. म्हणली झोपू द्या, रातभर जागतेत ते. अन् मला घेऊन दवाखान्यात.

दारापशी मी तिचा दंड धरला, म्हणलं मला आत नको नेऊ, डॉक्टर म्हणंल तुटला, मग मी काय करू.  ती म्हणली तुटला आसंल तर तो घरी बसून जोडला जाणार हाय का. अन् नेलंच.

डॉक्टरनं गार जेल लावून मशीन फिरवली. लई वेळ फिरवली. मी छताकडं पाहत व्हते. मग त्यांनी माझ्याकडं नाय, दीपालीकडं पाहून विचारलं, ह्यांनी हात उचलला व्हता का. मी म्हणले व्हय, मी उचलला, तिला नका विचारू. लई रागावले. रागावणारच, त्यांची मेहनत हाय. म्हणले मावशी, तीन टाके घातले व्हते, एक ढिला झालाय, दोन धरून हायेत. दोनावर जमलं तर जमलं. झोळी आता दीड महिन्याच्या जागी दोन महिने. ऑपरेशनला तीन महिने झाले की पुन्हा पाहू, तवा कळंल हात डोक्याच्या वर जाईल का नाय. मी विचारलं भाकरी? ते म्हणले आधी हात तर येऊ द्या. ते झोपेत थापायचं विचारलं तवा मात्र हसले, म्हणले बोटं अन् मनगट हलले तर चांगलंच हाय, ते तर मीच सांगितलंय, खांदा पट्ट्यात घट्ट आसला की झाली फिकीर खलास, झोपेची गोळी घ्या अन् झोपा. म्हणजे बगा, जे झोपेत व्हत व्हतं त्याला मी एवढी भ्याले, अन् जे केलं ते जागेपणी केलं, स्वतःच्या अकलेनं.

बाहेर आलो. तिथं लोखंडी खुर्च्या व्हत्या, मी बसले. एक टाका ढिला. माझ्या कानात तेवढंच. अन् ही पोरगी, दादा, त्या दवाखान्याच्या फरशीवर, येणारे-जाणारे पाहू राहिले, माझ्यापुढं वाकली. म्हणली आत्या, त्या दिवशीचा अर्धा राहिलाय, उरलेला द्या. मी म्हणलं आगं कसा देऊ, हात झोळीत हाय. ती म्हणली एक झोळीत हाय, एक मोकळा हाय ना. मी म्हणलं नगं गं, तुला सांगितलं ना सगळं. तर तिनंच माझा डावा हात धरला अन् स्वतःच्या डोक्यावर ठेवला, वरून आपला हात दाबून धरला, काढू दिला नाय. म्हणली, अकरा दिवसांची पोरगी कशानं बी जाती आत्या, तिला काय झालं व्हतं ते तवा कुणी पाहिलं का, सोपं सापडलं ते म्हातारीचा हात. अन् असं म्हणून उठली, रिक्षा बोलवायला गेली.

मी बसूनच राहिले. पस्तीस वर्षं झाली, हे मला कोणी म्हणलं नाय. माझ्या आईनं नाय, मालकानं नाय, अन् मी स्वतःला बी नाय. राधामाय जाऊन आता किती साल झाले, तिची माफी मागायला मी कुठं जाऊ सांगा. ती दाराशी बसून दरेक नवरीला पाहायची, अन् आम्ही त्या नवऱ्यांना तिच्यापासनं वळवायचो. ती रातीला झोपत आसंल का, हे मी कधी मनात आणलं नाय.

आता नववा आठवडा. झोळी घरात दोन-दोन तास काढते, दारावर दोरी बांधलीय, डाव्या हातानं वढून उजवा वर न्यायचा, तो व्यायाम. वढला तर छातीपर्यंत येतो, आपल्या जोरावर टेबलापर्यंत. झोप लागती, दोन-तीन तास सलग, तेवढी माझ्यासाठी लई. झोपेत थापते आजून, मालक म्हणतेत किती भाकरी झाल्या आज. पण भीती गेली असं म्हणू नका, भीती हाय. पुढल्या महिन्यात डॉक्टर पाहणार, वर गेला तर गेला, नाय गेला तर मेसवर माझ्या जागी दुसरी बाई बसलीच हाय, तिचं थापणं मला फोनवर ऐकवलं पोरांनी, बरं थापती. रातीला दिवा मालवायच्या आधी मी हाताला हात लावून पाहते, कोमट हाय का. अन् सकाळी उठले की पहिलं तेच.

तर तुम्ही वाकले अन् मी पाय मागं घेतले, ते ह्याच्यामुळं. सवय जात नाय एका दिवसात. हात वर उचलायची इच्छा झाली अन् तो गेला नाय, अन् डावा पुढं करायची हिंमत झाली नाय, म्हणून नगं म्हणले. माझ्याच जिभंची मला लाज वाटली मागून, एवढं सगळं झाल्यावर बी मी पुन्हा तेच केलं, तुम्हाला दाराशीच वळवलं.

चहा झाला का? घ्या, गार व्हईल. साखर कमी आसंल तर बोलू नका, ऐकू येतंय त्यांना.

अन् निघताना पुन्हा वाका दादा. अजून थोडं, हां. डावा हाय. पण माझा हाय, गरम हाय. सुखी राहा, अन् रातीला झोप लागू द्या.